मुंबईच्या शास्त्रमंडळांच्या सभासदयाद्या : परळ ते गिरगांव

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपणांपुढें सनदा, महजर, करीने व ताम्रपट उभे राहतात. छापील कागदास साधन मानावयास आपण सहसा तयार नसतों. आणि त्यांतहि एखाद्या सभेच्या वार्षिक अहवालाच्या शेवटीं जोडलेली सभासदांची यादी ही तर रद्दीच्या भावानें जाणारी वस्तु. पण महजरावरील साक्षी आपण किती बारकाईनें वाचतों! कोण हजर होता, कोणाचें नांव वतनदारांत लिहिलें आहे व कोणाचें बलुत्यांत, कोणाची निशाणी नांगर आहे व कोणाची तराजू, यावरून गांवची सारी घडण आपण उभी करतों. तीच नजर मुंबईच्या विद्वन्मंडळांच्या याद्यांकडे वळविली तर शास्त्राच्या घरांत कोणास केव्हां व कोणत्या दारानें घेतलें, याचा बराच उलगडा होतो. तो करून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. यादींत नांव पडलें म्हणजे प्रवेश झाला, असें आपण समजतों. आमच्या मतें ती केवळ उंबऱ्यावरची पायरी होय. केलेल्या शोधावर स्वतःचें नांव छापलें जाणें ही त्याच्या आंतली गोष्ट, आणि संग्रहाच्या कपाटाची किल्ली हातीं पडणें ही त्याहूनहि आंतली. पुढील हकीकत वाचतांना वाचकांनीं हा भेद लक्षांत ठेवावा.

ता. २६ नोव्हेंबर १८०४ रोजीं मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या परळ येथील निवासस्थानीं ‘लिटररी सोसायटी ऑफ बाँबे’ ही सभा स्थापन झाली. मुंबईंतील संघटित विद्याव्यासंगाचा तो प्रारंभ. गव्हर्नर जोनाथन डंकन, हिंदु देवतांवर पुढें १८१० सालीं मोठा सचित्र ग्रंथ छापणारे एडवर्ड मूर, चिटणीस विल्यम अर्स्किन अशी मंडळी तींत होती. सभेचा विषय हा देश, येथील भाषा, येथील लेणीं, येथील वनस्पति. सभासद मात्र एकजात युरोपियन. मूर्तींचा अर्थ सांगणारे शास्त्री, पोथ्या आणून देणारे भिक्षुक, शिलालेखाची वाट दाखविणारे पाटील-कुळकर्णी हे सर्व कामास लागत. यादींत लागत नसत. हीच सभा पुढें १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली व टाउन हॉलांत गेली. तींत पहिला हिंदी सभासद घेतला गेला तो १८४० सालीं : माणेकजी करसेटजी हे पारशी गृहस्थ. परळच्या त्या बैठकीपासून मोजल्यास दरवाजा किलकिला होण्यास छत्तीस वर्षें लागलीं.

या छत्तीस वर्षांत हिंदी माणसाच्या अंगीं शास्त्राची आवड नव्हती, असें कोणी म्हणेल तर तें खोटें ठरेल. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं केलेलीं ताम्रपटांचीं व शिलालेखांचीं वाचनें याच शाखेच्या नियतकालिकांत छापलेलीं आहेत. कुलाब्याच्या वेधशाळेंत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं सहायकाचें काम केलें. वेधशाळेचें काम म्हणजे ठराविक वेळीं उठून यंत्राचा आंकडा वहींत मांडणें, आणि तो रात्रीं-अपरात्रीं न चुकतां मांडणें. त्याच शिस्तींतून तयार झालेल्या माणसानें पुढें ग्रहांचीं कोष्टकें मराठींत केलीं. तात्पर्य, आंकडा मांडणारा हात येथला होता, आणि पुस्तकावर साहेबाची सही होती.

एका गोष्टीचा उल्लेख आमच्या वाचकांस विशेष रुचेल. डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६१ सालीं जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणास मुंबईस आणवून शिलालेखांचे उतारे घेण्याच्या कामीं लाविलें. भगवानलालांचें इंग्रजी बेताचें होतें. हिंदुस्थानभर व नेपाळांत पायपीट करून त्यांनीं लेखांचे ठसे व नकला जमविल्या. भाऊ दाजी १८७४ सालीं निवर्तले. तोंवर उतारे यांचे व निबंध डॉक्टरांचे, असा क्रम होता. त्यानंतर मात्र भगवानलाल गुजराथींत लिहीत, दुसरे त्याचें इंग्रजी करीत, आणि निबंध पंडित भगवानलाल इंद्रजी या नांवानेंच छापले जात. ब्यूलरसारख्या पंडितानें या कामास हात लाविला यांत त्याचा मोठेपणा दिसतो. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ सालीं उकरून काढणारे तेच. आणि इंग्रजी बेताचें असूनहि लायडेनच्या विद्यापीठानें त्यांस सन्मान्य डॉक्टर केलें. भाषेची अट थोडी सैल केली तर शास्त्रास किती मोठा माणूस लाभतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां परळ सोडून गिरगांवाकडे येऊं. तेथें एका निराळ्याच यादीची गोष्ट आहे. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडावा, सर्वांनीं एकत्र जेवावें हा तिचा बाणा. नव्या सभासदानें ख्रिस्ती भटारखान्यांतील पाव खावा, अशी त्या मंडळीची कसोटी असे. पण हें सर्व गुप्त. कोण कोण सभासद आहेत हें बाहेर फुटूं नये म्हणून केवढी काळजी! आणि १८६० च्या सुमारास नेमकी मंडळीच्या सभासदांची यादीच चोरीस गेली. नांवें उघड होणार या भीतीनें मंडळी मोडली. कागदाचा एक तुकडा मंडळास मारूं शकतो, हें त्या यादीनें दाखविलें. या मंडळींत वावरलेल्यांपैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरीं १८६७ च्या मार्चांत प्रार्थनासमाज निघाला, आणि त्याचें मंदिर गिरगांवांत झालें. या वेळीं मात्र यादी लपविली नाहीं. गुप्त सभासदत्व व उघड सभासदत्व यांतला फरक आत्मारामपंतांस पुस्तकांत वाचून कळलेला नव्हता. तो त्यांनीं भोगला होता. पुढें ते ज्या शास्त्रमंडळाचे संस्थापक झाले त्याच्या इतिहासांत ही गोष्ट कोणी सांगत नाहीं, म्हणून येथें सांगितली.

आत्मारामपंत हे ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या पहिल्याच तुकडीचे. त्या तुकडीचे आठ विद्यार्थी १८५१ सालीं उत्तीर्ण झाले. त्यांचीं नांवें ओळीनें वाचावीं अशींच आहेत : आत्माराम पांडुरंग, भाऊ दाजी, अनंत चंद्रोबा, मेरवानजी सोराबजी, बरजोरजी दोराबजी, सेबास्टियन कार्व्हालो, पॉल फ्रान्सिस गोमेस व जुझे कामिलो लिस्बोआ. तीन हिंदु, दोन पारशी, तीन ख्रिस्ती. एका टेबलाभोंवतीं शवच्छेदन करणाऱ्यांना सोंवळें-ओंवळें पाळण्यास सवड राहिली नसावी. या आठांतील तिघे, म्हणजे भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग व लिस्बोआ, या लेखांत येतात हा केवळ योगायोग नव्हे. एकत्र शिकलेलीं माणसें पुढें एकत्र काम करण्यास लाजत नाहींत.

ता. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट म्युझियममध्यें आठ गृहस्थ जमले व त्यांनीं ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. ज्या पदार्थसंग्रहालयाच्या उभारणींत भाऊ दाजींनीं आपली शक्ति वेंचली व ज्यास १९७५ पासून त्यांचेंच नांव आहे, तेंच हें ठिकाण. ठराव अगदीं साधा : महिन्यांतून एकदां जमावें, सांपडलेले प्राणी-पक्षी-वनस्पति एकमेकांस दाखवावे, पाहिलेलें सांगावें. आठांपैकीं सहा युरोपियन होते. त्यांत ‘एहा’ या टोपणनांवानें लिहिणारे ई. एच. एटकेन व फुलपांखरांचे जाणते कर्नल स्विन्हो हे प्रमुख. उरलेले दोन, डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन. परळच्या सभेस पहिला हिंदी सभासद मिळण्यास छत्तीस वर्षें लागलीं. येथें पहिल्या दिवशींच आठांत दोन. यांत इंग्रजांचें औदार्य किती व गरज किती, असा प्रश्न साहजिक आहे. आमच्या मतें गरजेचा भाग मोठा. लेणें वाचण्यास पंडित पगारावर ठेवतां येतो. पण कोकणांतल्या कोणत्या झाडास काय म्हणतात, कोणतें मूळ बाजारांत कोणत्या नांवानें विकलें जातें, कोणत्या सापाविषयीं लोक काय बोलतात, हें ज्यास ठाऊक तोच त्या शास्त्राचा अर्धा पंडित असतो. त्यास दाराबाहेर ठेवून सृष्टिशास्त्र चालत नाहीं.

सखाराम अर्जुन यांच्याकडे पाहिलें म्हणजे हें पटतें. त्यांचा जन्म १८३९ चा. ते ग्रँट मेडिकल कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईच्या बाजारांतील औषधींची त्यांची सूचि १८७९ सालीं प्रसिद्ध झाली. मराठींतहि त्यांनीं वैद्यकावर लिहिलें. काष्ठौषधींच्या दुकानांतील पुड्या व युरोपांतील वनस्पतींचीं लॅटिन नांवें यांची सांगड घालणें हें त्यांचें काम. दोन्हीं बाजू ज्यास येतात अशाच माणसास तें साधतें. मंडळ निघून दोन वर्षेंहि झालीं नाहींत तोंच, १८८५ च्या एप्रिलांत, ते वारले. मंडळाचें नियतकालिक १८८६ च्या जानेवारींत सुरू झालें. त्यामुळें ज्यानें पाया घातला त्याचा त्या पानांशीं संबंध आला नाहीं. संस्थापकांच्या यादींतील नांव एवढाच त्यांचा तेथला कागद.

सखाराम अर्जुनांचें घर ही एक स्वतंत्र पाठशाळा होती. त्यांनीं जयंतीबाई या विधवेशीं विवाह केला. जयंतीबाईंची पहिल्या पतीपासून झालेली कन्या ती रखमाबाई. तिचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें; ती सासरीं नांदावयास गेली नाहीं व सावत्र बापानें तिला पाठबळ दिलें. नवरा दादाजी भिकाजी यानें १८८४ सालीं फिर्याद लाविली, आणि तो खटला हिंदुस्थानांत व विलायतेंत गाजला. तडजोडीनें १८८८ सालीं तो मिटला. १८८९ सालीं रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेंत गेल्या व १८९४ सालीं डॉक्टर होऊन परतल्या. हें सर्व वाचकांस ठाऊक आहे. आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे तें सालाकडे. ज्या १८८३ सालीं सखाराम अर्जुन त्या आठांत बसले, त्याच सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज स्त्रियांस खुलें झालें. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज व सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं त्यासाठीं वर्गणी जमविली होती. त्याच सालच्या डिसेंबरांत डॉ. एडिथ पेची मुंबईस उतरल्या. एडिंबरोस वैद्यक शिकतांना त्यांस व त्यांच्या मैत्रिणींस दारें लावून घेतलेलीं होतीं. मुंबईंत आल्यावर स्त्री-डॉक्टरांस पुरुषांइतकाच पगार मिळावा म्हणून त्या झगडल्या, आणि रखमाबाईंच्या पाठीशीं उभ्या राहिल्या. एकाच वर्षांत, एकाच शहरांत दोन दरवाजे उघडले, आणि एका घरानें दोहोंकडेहि पाहिलें.

परंतु स्त्रीस रुग्णालयांत घेणें वेगळें व संशोधनांत घेणें वेगळें. रुग्णालयांत तिची गरज पडद्यामुळें होती. पुरुष डॉक्टरास जेथें जातां येत नाहीं तेथें ती हवी होती. वनस्पतिशास्त्रांत अशी सबब नव्हती. म्हणून पुढील नोंद आम्ही मोलाची समजतों. सोसायटीच्या नियतकालिकाच्या चवथ्या खंडांत, १८८९ सालीं, हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील सुगंधी गवतांवर एक टिपण छापलें आहे व त्यांत एका नव्या जातीचें वर्णन आहे. जातीस ‘अँड्रोपोगन ओडोरॅटस’ असें नांव दिलें आहे. लेखिका, मिसेस जे. सी. लिस्बोआ. १८५१ च्या त्या तुकडींतील गोव्याचे डॉ. लिस्बोआ यांच्या या पत्नी. डॉक्टर स्वतः गवतांचे मोठे अभ्यासक. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या वनस्पतींवरील १८८६ च्या खंडांत त्यांचा उपयुक्त वनस्पतींवरील भाग आहे. तरीहि ही जात त्यांच्या नांवावर गेली नाहीं, त्यांच्या पत्नीनेंच ती प्रसिद्ध केली. नव्या जातीस नांव देणें हा वनस्पतिशास्त्रांतील सर्वांत मानाचा अधिकार. जहागिरीच्या सनदेसारखाच तो आहे : जो प्रथम रीतसर वर्णन छापतो त्याचें नांव त्या जातीच्या नांवामागें कायमचें चालतें. पुढें वर्गीकरण बदललें, तें गवत दुसऱ्या वंशांत घातलें गेलें, तरी त्याचें विशेषनाम टिकलें व त्यामागें कंसांत ‘लिस्बोआ’ हें नांवहि टिकलें.

पण सनद वाचतां वाचतां एक खोंच दिसते. टिपणावर बाईंचें स्वतःचें नांव नाहीं. ‘मिसेस’ हा शब्द, पुढें नवऱ्याचीं आद्याक्षरें, मग आडनांव. नंतरच्या वनस्पतिग्रंथांतहि त्या ‘मिसेस लिस्बोआ’ म्हणूनच येतात. आणि जेथें ‘मिसेस’ गळून जातें तेथें वाचणारा तें काम डॉक्टरांचें समजतो. आपल्या जुन्या दानपत्रांत ‘अमक्याची भार्या’ एवढ्यावर भागविलेल्या दात्या स्त्रिया आपण पाहतोंच. शंभर पिढ्या उलटल्या तरी लेखनिकाची खोड जात नाहीं. तरी एवढें मान्य केलें पाहिजे कीं, ज्या काळीं मुंबईंत बाईनें सभेंत बोलणें हीच बातमी होती त्या काळीं या मंडळानें तिचा शोध शोध म्हणून छापला.

डॉक्टरांच्या या परंपरेंत कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मुंबईच्या विषारी वनस्पतींवरील त्यांची लेखमाला याच नियतकालिकांत आली. १९०९ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष तेच होते. औषधी वनस्पतींवरील त्यांचा व बामनदास बसूंचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९१८ सालीं, निघाला. मराठी कविता व लॅटिन नांवें एकाच बैठकींत लिहिणारी ती पिढी!

किल्लीची गोष्ट १९०८ सालची आहे. खेतवाडींत मामाच्या घरीं वाढणाऱ्या एका मुलानें हवाबंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिंवळा ठिपका होता. मुसलमान घरांतला मुलगा. खावयाची तर ती हलाल कीं नाहीं, हा पहिला प्रश्न, आणि ही कोणती चिमणी, हा दुसरा. मामा अमिरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद. त्यांनीं चिठ्ठी देऊन त्यास अपोलो रस्त्यावरील कचेरींत चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांजकडे धाडलें. साहेबासमोर जावयाचें म्हणून पोरगा दाराशीं घुटमळला. मिलर्डनीं पक्षी ओळखून दिला व एवढ्यावर न थांबतां भरलेल्या पक्ष्यांचीं कपाटें एकामागून एक उघडून दाखविलीं; वाचावयास पुस्तकें दिलीं; कातडीं काढावयास शिकविण्याची सोय लावून दिली. हा मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत ही हकीकत दिली आहे. येथें लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, मामा सभासद होते म्हणून चिठ्ठी मिळाली. १८८३ च्या यादींतले ते दोन हिंदी सभासद नसते तर १९०८ सालीं हिंदी मामा सभासद असते कीं नाहीं, कोण जाणे. एक नांव दुसऱ्यास ओढून आणतें. मिलर्डनीं केलेलें काम कोणत्याहि नियमांत लिहिलेलें नव्हतें. दहा-अकरा वर्षांच्या, परक्या जातीच्या व परक्या धर्माच्या मुलासाठीं त्यांनीं अर्धा दिवस खर्चिला, एवढेंच.

याच मंडळानें १९११ च्या सुमारास सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हातीं घेतली व ती बारा वर्षें चालविली. तींतील संग्राहकांत इंग्रजांबरोबर एन. ए. बाप्टिस्टा हें नांवहि आहे. पण सांपळे लावणारे, रात्रीं रानांत बसणारे, जनावराचा माग सांगणारे कातकरी व इतर वनवासी यांचीं नांवें तेथेंहि येत नाहींत. यादीचें दार एका बाजूनें रुंदावलें, दुसऱ्या बाजूस तें भिंतीसारखेंच राहिलें.

आतां पुन्हां परळ. तेथील जुन्या गव्हर्नरच्या वाड्यांत ता. १० ऑगस्ट १८९९ रोजीं प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा उघडली. तिचे प्रमुख डॉ. हाफकिन हे ओडेसाचे यहुदी. धर्म बदलल्यास अध्यापकाची जागा देऊं, असें त्यांस मायदेशीं सुचविलें गेलें होतें व त्यांनीं तें नाकारलें होतें. मुंबईस १८९६ सालीं आले तेव्हां ग्रँट कॉलेजांत एक खोली, एक ओसरी, एक कारकून व तीन पट्टेवाले एवढ्यावर त्यांनीं प्लेगची लस तयार केली, आणि ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. ते तीन पट्टेवाले कोण? मानवजातीच्या उपयोगीं पडलेल्या त्या लसीच्या पहिल्या भांड्यांस हात त्यांचा लागला. हाफकिन यांच्यावर १९०२ च्या पंजाबांतील मुलकोवाल येथील एकोणीस मृत्यूंचा दोष आला व १९०७ सालीं तो दूर झाला; संस्थेस त्यांचें नांव १९२५ सालीं मिळालें. हिंदी संचालक मात्र, साहेबसिंग सोखे, १९३२ सालीं झाले. प्रयोगशाळा निघून तेहतीस वर्षांनीं! परळच्या हवेंतच कांहीं असावें, असें थट्टेनें म्हणावेंसें वाटतें : तेथें १८०४ ची सभा छत्तीस वर्षें थांबली व ही तेहतीस.

दरवाजे सर्व इंग्रजांनींच बंद ठेवले, असें मात्र समजूं नये. मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. कमला भागवत, लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत यांची बहीण, १९३३ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत गेली. चंद्रशेखर वेंकटरमण तेव्हां संचालक; स्त्री म्हणून त्यांनीं तिला नाकारलें. ती दारांत बसून राहिली. शेवटीं घेतलें तें अटी घालून : पहिलें वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून नव्हे, गुरु सांगेल तेव्हां, रात्रींहि, काम करावयाचें, आणि पुरुष संशोधकांच्या चित्ताचा भंग होऊं द्यावयाचा नाहीं. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखालीं तिनें काम केलें, आणि त्यानंतर त्या संस्थेनें स्त्रियांस घेण्यास प्रारंभ केला. केंब्रिजची पीएच. डी. १९३९ सालीं मिळवून परतल्यावर कांहीं वर्षांनीं त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत आल्या, विवाहानंतर कमला सोहोनी झाल्या, व निरा, डाळी यांतील पोषकद्रव्यांवर विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलें. तेथील संचालकपद त्यांच्या वाट्यास बऱ्याच उशिरां आलें. परका राजा गेला तरी दाराची कडी तीच, एवढेंच यावरून म्हणतां येईल.

परळमध्यें १९४१ सालीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं कमल रणदिवे यांनीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली, अमेरिकेंत जाऊन पेशी शरीराबाहेर वाढविण्याची कला शिकून घेतली, व परत येऊन १९५२ सालीं निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत त्या कामाची प्रयोगशाळा उभी केली. रणदिवेबाईंस किल्ली मिळाली, व ती त्यांनीं आपल्याच कमरेस लावून ठेविली नाहीं. १९७३ सालीं मुंबईंतील दहा-बारा स्त्रीशास्त्रज्ञांस घेऊन त्यांनीं भारतीय स्त्रीशास्त्रज्ञ संघ स्थापन केला. पुढें त्या संघानें वाशीस वसतिगृह चालविलें व मुलांचें पाळणाघर चालविलें. शास्त्राच्या इतिहासांत पाळणाघराचें काय काम, असें कोणी विचारील. तान्हें मूल घरीं ठेवून आलेली बाई सायंकाळीं सहा वाजतां सूक्ष्मदर्शकावरून उठते कीं प्रयोग पुरा करते, हें त्या पाळणाघरावर अवलंबून असतें. लिस्बोआबाईंचें गवत घरच्या बागेंत तपासतां येत होतें. पेशींची कुपी घरीं नेतां येत नाहीं.

इतकें दुसऱ्यांच्या याद्यांविषयीं लिहिल्यावर आपल्या याद्यांकडे पाहणें प्राप्त आहे. आम्ही दप्तरें प्रसिद्ध करतों तेव्हां कागद ज्यांच्या घरचा त्यांचें नांव घालतों, संपादकाचें घालतों. रुमाल सोडून मोडी वाचणारा, वाळवी झाडून पानें लावणारा, खेड्यांत हिंडून ‘तमक्यांच्या माळ्यावर पेटारा आहे’ अशी बातमी आणणारा, यांचीं नांवें प्रस्तावनेच्या शेवटल्या ओळींत आलीं तर आलीं. ज्यांच्या घरांत पेटारा नव्हताच, त्यांच्या घरच्या जात्यावरच्या ओव्या व पंचायतींतल्या तोंडी साक्षी तर आम्हीं साधनांत धरल्याच नाहींत. परळच्या सभेनें शास्त्र्यांस जें केलें तेंच आम्हीं आमच्या वाचकांस व कारकुनांस केलें आहे. पुढील सूचींत प्रत्येक कागदापुढें तो कोणीं शोधला व कोणीं वाचला हे दोन रकाने घालावे, अशी आमची सूचना आहे. त्यास छपाईचा खर्च फारसा येत नाहीं.

गिरगांव, ठाकुरद्वार, खेतवाडी, परळ व दादर येथील जुन्या डॉक्टरांच्या घराण्यांत अद्याप कांहीं कागद असण्याचा संभव आहे : वाळविलेल्या वनस्पतींचीं पानें, औषधांच्या वह्या, सभांचीं निमंत्रणपत्रें, मोडींतील पत्रव्यवहार. विशेषतः सखाराम अर्जुन व आत्माराम पांडुरंग यांच्या हातचीं टिपणें, लिस्बोआ दांपत्याचीं पत्रें, अथवा परळच्या प्रयोगशाळेंतील आरंभीच्या पट्टेवाल्यांच्या व सहायकांच्या नेमणुकींचे हुकूम कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मंडळाच्या चिटणिसांस कळवावें. मूळ कागद पाठविण्याची जरूर नाहीं. नक्कल अथवा छायाचित्र चालेल. पाठविणाराचें नांव व नक्कल करणाराचें नांव, दोन्हीं लिहावीं.